आई-बाबांना घेऊन डिस्ने वर्ल्ड : आमची आखणी

न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांतून कोणी ना कोणी डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेलं आहे. त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. पण सगळे सल्ले मुलांच्या वयावरून सुरू व्हायचे. आमच्याबरोबर माझे सासू-सासरेही येणार होते, त्यांना मी आई-बाबाच म्हणते. सासऱ्यांचं वय ७४, उजवा गुडघा दुखरा. सासूबाईंना अंडंही चालत नाही. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. अशा सहा जणांनी कसं जावं हे नीट सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून आम्ही काय काय केलं ते सविस्तर लिहिते आहे.

आई-बाबांना घरी ठेवून तुम्ही चौघं जाऊन या, असं खुद्द बाबांनीच सुचवलं होतं. "आम्हाला काय या वयात पाळण्यात बसायचंय? आमच्या तिकिटाचे पैसे उगाच कशाला?" त्यांना यायचं नव्हतं असं मुळीच नाही. आपल्यामुळे नातवंडांच्या मजेत खोडा नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. तेव्हाच मी ठरवलं की आखणीची सुरुवात आई-बाबांपासून करायची. मुलांना तिथे काहीही दाखवलं तरी आवडणार आहे. ज्यांचा दिवस नुसता बाकावर बसून जाऊ शकतो, त्यांचा दिवस आधी भरायचा आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवायचं.

जागेचा अंदाज आला की पुढचे निर्णय सोपे होतात. फ्लोरिडात ऑरलँडोजवळचा हा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात चार मुख्य पार्क : १९७१ साली उघडलेलं मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चं ॲनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क आणि पंचवीसच्या आसपास हॉटेलं. एका पार्कमधून दुसऱ्यात चालत जाता येईल अशी कल्पना करून कोणी जाऊ नये. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज यांच्यामधली पायवाट सोडली तर बस, मोनोरेल, बोट किंवा केबल कार यांतलं काहीतरी धरावंच लागतं. आम्ही वॉटर पार्क पहिल्याच बैठकीत वगळले. एका दिवशी एकच पार्क, आणि मधे एक दिवस नुसता हॉटेलवर, हेही तेव्हाच ठरलं. आराम शेवटी न ठेवता मधे ठेवला, कारण गुडघा सुजला तर त्याला उतरायला वेळ पाहिजे.

तारखांचा प्रश्न शाळेनं सोडवला. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात आणि निम्मं राज्य तेव्हा ऑरलँडोला जातं. तिथल्या लोकांनी त्या आठवड्याला 'जर्सी वीक' असं नावच दिलंय. गर्दी असते, पण नाताळच्या आठवड्याइतकी नाही. आणि हवा! उन्हाळ्यात तिथे तापमान ३३ अंशांच्या घरात, घामाघूम करणारा दमटपणा आणि दुपार झाली की गडगडाटासह पाऊस. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन त्या उन्हात दिवसभर फिरणं मला मान्य नव्हतं. नोव्हेंबरात दिवसाचं तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास असतं. आई-बाबा ऑगस्टमध्ये आले होते आणि जानेवारीत परतणार होते, म्हणजे २०२४ चा नोव्हेंबर सगळ्या बाजूंनी सोयीचा.

याच महिन्यात एक गोष्ट मात्र बघूनच तारीख धरावी लागते. मॅजिक किंगडममध्ये नाताळची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, २०२४ साली ती ८ नोव्हेंबरपासून सुरू झाली. पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला पार्क सोडावं लागतं, आणि किल्ल्यावरची आतषबाजी त्यानंतर असते. आतषबाजी हवी असेल तर पार्टी नसलेला दिवस घ्या. ती नको असेल तर पार्टीचा दिवस उलट फायद्याचा, कारण दिवसा गर्दी कमी असते. आम्ही मॅजिक किंगडम आठ तारखेच्या आधी बसवलं.

राहण्यावरून घरात बरीच चर्चा झाली. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, जवळच्या किसिमी गावात अख्खं घर भाड्यानं घ्यावं. ओळखीची बहुतेक मंडळी तेच करतात. स्वयंपाकघर मिळतं, कुकर लावता येतो, खर्चही कमी. मलाही ते पटत होतं. पण मग मी कागदावर एका दिवसाचा रस्ता काढला. गाडीनं मॅजिक किंगडमला जायचं तर आधी दूरच्या पार्किंगला गाडी लावायची, तिथून तिकीट केंद्रापर्यंत यायचं, मग तळ्यापलीकडे जायला फेरी बोट किंवा मोनोरेल. त्यानंतर पार्कचं दार. रात्री आतषबाजी संपल्यावर हेच सगळं उलट, झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट दारापाशी सोडतात. बाबांचा गुडघा आणि तो रस्ता समोरासमोर ठेवले आणि घराचा विषय संपला.

सहा जणांना एका खोलीत डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांमध्ये राहता येत नाही, तिथल्या साध्या खोल्या चार जणांच्या असतात. 'आर्ट ऑफ ॲनिमेशन' या हॉटेलात सहा जणांचे फॅमिली स्वीट आहेत : दोन बाथरूम, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह. दोन बाथरूम हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवला होता. सकाळी सहा जणांनी आवरून वेळेत बाहेर पडायचं तर दुसरा उपाय नाही. शिवाय २०१९ साली सुरू झालेल्या स्कायलायनरचं स्टेशन हॉटेलाच्या दारात. ही केबल कार एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाते. मधल्या मोठ्या स्टेशनवर बदलावी लागते. पाळणे चालतेच असतात, पण व्हीलचेअरवाल्यांसाठी बाजूला वेगळा पाळणा थांबवतात. तिथे घाई न करता चढता येतं.

व्हीलचेअर म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला. "मी काय आजारी आहे?" ते रोज संध्याकाळी आमच्या भागात अर्धा तास चालत होते, त्यामुळे त्यांना वाटत होतं की निभेल. पार्कमध्ये दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज होतात, हे त्यांना पटेना. मी दोन-तीनदा विषय काढला आणि सोडला. शेवटी आईंनीच तो संपवला. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वारीत म्हातारी माणसं ट्रॅक्टरमध्ये बसतात, म्हणून त्यांना इठोबा भेटत नाही का?" बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "घे ती खुर्ची. पण मी चालेन तेवढं चालेन. तोवर तिच्यावर पिशव्या ठेवा." अगदी तसंच केलं. हलकी, घडी होणारी खुर्ची बाहेरच्या भाड्यानं देणाऱ्यांकडून हॉटेलवर मागवली. ती पार्कमध्येही भाड्यानं मिळते, पण बसपासून दारापर्यंत आणि परत खोलीपर्यंत आपलीच हाताशी असलेली बरी.

खुर्ची घेतली की रांग लावावी लागत नाही, असा समज आपल्याकडे फार आहे. तसं नाही. बहुतेक रांगा खुर्ची जाईल इतक्या रुंद केलेल्या आहेत आणि सगळ्यांबरोबरच थांबावं लागतं. अपंगत्वासाठी जी वेगळी सोय आहे, ती २०२४ पासून मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी आहे. दुखऱ्या गुडघ्याला ती लागू होत नाही, म्हणून तिच्या भरवशावर काही आखू नका.

मग आला उंचीचा भाग. राइडवर बसायला उंचीची अट असते, वयाची नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आम्ही मुलाची उंची पेन्सिलनं लावली, रोजचे बूट घालून. तो टाचा उचलायचा आणि बहीण खाली बसून त्याच्या टाचांवर नजर ठेवायची. ४१ इंच भरला. म्हणजे ३८ आणि ४० इंचांच्या राइड खुल्या : सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन, स्लिंकी डॉग डॅश, बिग थंडर, सोअरिन. ४४ इंचांच्या बंद : स्पेस माउंटन, एक्स्पेडिशन एव्हरेस्ट, फ्लाइट ऑफ पॅसेज. हे त्याला घरीच दाखवून समजावलं. दाराशी पोचल्यावर मापाच्या काठीपुढे रडारड होण्यापेक्षा आपल्या चौकटीपुढे झालेली केव्हाही चांगली.

आमची खरी आखणी एका तक्त्यात होती. एका रकान्यात राइडचं नाव, दुसऱ्यात तिच्यावर कोण बसणार, आणि तिसऱ्यात 'बाकीचे कुठे?' हा तिसरा रकाना भरायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सहलीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. तो रिकामा राहिला तर ती राइड रद्द, असा नियमच केला होता. एक पथ्यही पाळलं : अनोळखी गर्दीत आई-बाबांवर पाच वर्षांच्या मुलाला सोपवून आम्ही दोघंही जायचं नाही. एक जण मुलीबरोबर, दुसरा या तिघांबरोबर. मोठ्यांची पाळी चुकू नये म्हणून 'रायडर स्विच' असतं. रांगेच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सगळे जण दाखवायचे, मग पहिला मोठा माणूस बसून आला की दुसऱ्याला ती पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही.

ॲनिमल किंगडममध्ये तिसरा रकाना सुंदर भरला. एव्हरेस्टची राइड ज्या भागात आहे, तिथे डिस्नेनं 'आनंदपूर' नावाचं काल्पनिक गाव उभं केलं आहे. रंग उडालेल्या भिंती, सायकली, पाट्या. जवळच पडक्या राजवाड्यातून जाणारी वाट आहे, महाराजा जंगल ट्रेक. तिथे खरे वाघ आहेत, मोठी वटवाघळं आहेत, आणि वाट सपाट असल्यानं खुर्ची आरामात जाते. नवरा आणि मुलगी एव्हरेस्टवर असताना आम्ही चौघं वाघांपुढे उभे. काचेपलीकडे एक वाघ सावलीत पडला होता, मुलगा आजोबांच्या मांडीवर बसून त्याच्या कानाची हालचाल मोजत होता. बाबा भिंतींचे कोपरे आणि पोपडे निरखत होते. "हे पोपडे मुद्दाम केलेत? कमाल आहे माणसांची!" त्या पार्कमधली सफारी मात्र सहाही जणांची. उघड्या ट्रकमधून जिराफ, हत्ती, गेंडे बघायचे, उंचीची अट नाही. ती सकाळी पहिली करा, तेव्हा जनावरं हालचाल करताना दिसतात.

बुकिंगच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेननं लिहिल्या होत्या. बसून जेवायच्या हॉटेलांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, सकाळी सहाला. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्या एकाच दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं सगळं करता येतं. आम्हाला हवी होती ती 'सना'. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातलं हे रेस्टॉरंट आफ्रिकी आणि भारतीय चवींचं आहे आणि खिडकीबाहेरच्या माळावर जिराफ-झेब्रे चरत असतात. नान, कुल्चा, पराठा आणि त्यांच्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची-रायती असं एक ताट तिथे मिळतं. आईंचं अंड्याचं पथ्य बुकिंग करतानाच लिहून ठेवलं आणि तिथे पुन्हा सांगितलं. काय चालेल, काय नाही, हे शांतपणे समजावून दिलं गेलं. सहलभर कुठेही असं विचारायला संकोच करू नका.

रांग टाळायचं पैसे देऊन घ्यायचं साधन म्हणजे लाइटनिंग लेन. २०२४ च्या जुलैपासून त्याचे नियम बदलले. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी, सकाळी सातला, पूर्ण मुक्कामाचं बुकिंग करता येतं, बाकीच्यांना तीन दिवस आधी. तीन राइड आधी निवडायच्या आणि पहिली वापरली की पुढची घ्यायची. आम्ही ते फक्त मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजसाठी घेतलं. त्या दोन्ही ठिकाणी मुलाला चालणाऱ्या राइड जास्त आणि रांगाही लांब. ॲनिमल किंगडमला लवकर पोचलं तर भागतं. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना सगळ्या पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात, त्याचा फायदा घ्यावा.

पैशांबद्दल मोघम लिहिण्यात अर्थ नाही. एका दिवसाचं तिकीट २०२४ साली पार्क आणि तारखेप्रमाणे १०९ पासून १८९ डॉलरपर्यंत होतं. जास्त दिवसांचं एकत्र घेतलं की दिवसामागे कमी पडतं. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं तिकीट, आणि ज्येष्ठांना वेगळी सवलत नाही. बाबांनी रक्कम विचारली तेव्हा मी लपवली नाही. त्यांनी मनात ८४ नं गुणलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग नीट बघून येऊ सगळं." तेव्हापासून तक्ता तेही वाचायला लागले.

ऑक्टोबरात जीव टांगणीला लागला. मिल्टन चक्रीवादळ ९ तारखेच्या रात्री फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर धडकलं आणि १० तारखेला डिस्नेचे पार्क बंद राहिले. वादळांचा हंगाम तिथे ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. आम्ही विमानाची तिकिटं बदलता येतील अशीच काढली होती, आई-बाबांचा आरोग्य विमाही आधीच घेतलेला होता. सुदैवानं काही बदलावं लागलं नाही.

खाण्याची सोय ऐकून आईंचा जीव भांड्यात पडला. पार्कमध्ये घरचं खाणं नेऊ देतात. काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ चालत नाही, एवढंच. दिवाळी नुकतीच झाली होती, चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे तयारच होते. मेथीचे ठेपले मी आदल्या रात्री लाटले. विमानात आई-बाबांना ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतात, ते आणि औषधं हातातल्या पिशवीत, सामानात नाही.

मॅजिक किंगडममध्ये स्पेस माउंटनच्या जवळच एक जुनं नाट्यगृह आहे, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं, १९७५ पासून इथे. मंच स्थिर असतात आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांसकट नाट्यगृह त्यांच्याभोवती फिरतं. विजेनं एका कुटुंबाचं घर कसं बदलत गेलं ही गोष्ट हलत्या-बोलत्या बाहुल्या सांगतात. तिसऱ्या रकान्यात मी ते बाबांसाठीच लिहिलं होतं. त्यांची नोकरी विद्युत मंडळात गेली, सांगली जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी खांब उभे केले, मंडळाचं महावितरण झालं आणि तिथून ते निवृत्त झाले. दुसऱ्या प्रवेशात घरभर वायरींचं जाळं आणि एकाच जागी सगळी उपकरणं. बाबा पुढे झुकून म्हणाले, "उडणार बघ फ्यूज." आणि उडाला, अंधार झाला. नातू टाळ्या वाजवायला लागला, "आजोबांनी सांगितलं होतं!" बाहेर आल्यावर बाबा त्याला फ्यूज म्हणजे काय हे समजावत बाकावर बसले होते. स्पेस माउंटनवरून मुलगी परतली तेव्हा तिलाही ते पहिल्यापासून ऐकावं लागलं. संध्याकाळी बाबांनी आपणहून विचारलं, "उद्या माझ्या रकान्यात काय आहे?"

आईंचा दिवस एपकॉटमध्ये होता. 'लिव्हिंग विथ द लँड' या बोटीच्या फेरीत खऱ्या हरितगृहांमधून जातात. मातीशिवाय, नुसत्या पोषक पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, टांगलेली रोपं, केळी, पपया. आईंचं माहेर तासगावचं, द्राक्षवाल्यांचं. "हे तर ठिबकच की," म्हणाल्या, आणि मग नळ्या कुठून येतात ते बघण्यात इतक्या रमल्या की आम्ही त्यांना पुन्हा एक फेरी करवली. वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. तिथे बाबा कुरकुर न करता खुर्चीत बसले. भारताचा विभाग का नाही, हे त्यांनी दोन देशांमध्ये दोनदा विचारलं.

ट्रॉन आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला आम्ही गेलोच नाही. त्या दोन्ही नावांपुढे तिसरा रकाना भरला नव्हता, आणि मुलगीही त्याबद्दल हट्ट धरून बसली नाही.

कोणी हा तक्ता वापरणार असेल तर वरचे नियम २०२४ चे आहेत हे ध्यानात ठेवा आणि जाण्याआधी डिस्नेच्या ॲपवर ताडून बघा. बिग थंडरसमोर आमच्या तिसऱ्या रकान्यात मोठी वाफेची बोट होती. ती बोट, तिची नदी आणि मधलं टॉम सॉयर बेट २०२५ च्या जुलैत कायमचं बंद झालं. तिच्या जागी जवळचा कंट्री बेअर हा गाणाऱ्या अस्वल-बाहुल्यांचा खेळ लिहा : गार हवा, बसायला जागा आणि खुर्ची थेट आत जाते.